भिंतीपलीकडचा शेजार

ठाणे खाडीच्या वरच्या टोकाला कळवा आहे. तीच खाडी दक्षिणेला उतरत गेली की तिच्या पश्चिम काठावर ट्रॉम्बे लागतं आणि ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र. या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी परदेशातल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन २०१६ साली ‘नॅनोस्केल’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सी. एल. प्रजापत, सुरेंद्र सिंग, अमितेश पॉल, जी. रविकुमार, सैबल बसू ही त्याच्या लेखकांपैकी काही नावं. निबंधाचा आशय थोडक्यात सांगता येतो. अतिसंवाहकाचा एक पातळ थर, लोहचुंबकाचा एक पातळ थर आणि दोघांच्या मध्ये वीज न वाहू देणारा तिसरा. ही रचना थंड करत नेली आणि अतिसंवाहक आपल्या अवस्थेत शिरला, की भिंतीपलीकडच्या चुंबकाचं चुंबकन ओसरतं.

कवितेचा आशयही असा थोडक्यात सांगता येतो, आणि सांगून झाल्यावर कविता शिल्लक राहते. या निबंधाचं तसंच आहे. त्यात काय सापडलं हे कळल्यावरही तो पुन्हा वाचावासा वाटतो, तो त्याच्या रचनेमुळे. कोणती गोष्ट कुठे ठेवली, कशाला कशासमोर उभं केलं, कुठे थांबले, आणि दोन वर्षांनी त्याच हातांनी पुढचा निबंध लिहिताना पहिल्यातली कोणती गोष्ट उलटून पाहिली, यात त्याचा रस आहे.

आधी यातली दोन मुख्य पात्रं ओळखून घ्यावी लागतात, कारण त्यांचं वैर जुनं आहे. १९११ साली लायडनमध्ये कामरलिंग ओन्नेस यांना पारा ४.२ केल्विनच्या आसपास आपला विद्युतरोध पूर्ण टाकून देतो असं दिसलं. तो का टाकतो, याचा सिद्धान्त यायला १९५७ उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवलं की अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने, म्हणजे कूपर जोडीने, वावरतात, आणि नेहमीच्या अतिसंवाहकात जोडीतल्या एकाचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत चुंबकीय कल, वर असेल तर दुसऱ्याचा खाली असतो. लोहचुंबकाचा स्वभाव नेमका उलटा. तिथे सगळे स्पिन एकाच दिशेला वळवले जातात, आणि वळवणारी आंतरिक शक्ती जबरदस्त असते. लोखंडाचं चुंबकत्व मोडायला १०४३ केल्विनपर्यंत तापवावं लागतं, तर शुद्ध धातूंमध्ये सर्वांत चिवट अतिसंवाहक मानला जाणारा नायोबियम ९.२ केल्विनलाच हार मानतो. या दोन आकड्यांमधलं अंतर लक्षात ठेवलं, की कूपर जोडी चुंबकात शिरल्यावर तिचं काय होणार हे वेगळं सांगावं लागत नाही. जोडीतला एक इलेक्ट्रॉन चुंबकाला हवासा, दुसरा नकोसा.

हे दोघं एका पदार्थात एकत्र नांदणं का अवघड आहे, याची मांडणी विटाली गिंझबर्ग यांनी १९५६ मध्येच केली होती, म्हणजे जोडीचा सिद्धान्त यायच्या आदल्या वर्षी. १९५९ मध्ये अँडरसन आणि सूल यांनी तीच गोष्ट दुसऱ्या अंगाने पाहिली. अतिसंवाहकाच्या पोटात चुंबकत्व उगवलंच तर ते एकसंध राहणार नाही, उलटसुलट दिशांच्या बारीक पट्ट्यांत विभागलं जाईल, असं त्यांचं गणित सांगत होतं. मला या दुसऱ्या निबंधाचं विशेष वाटतं. त्या काळात चुंबक अतिसंवाहकाला कसा मारतो हेच सगळे जण मोजत होते. अतिसंवाहकही चुंबकाला बदलू शकतो हा विचार तिथे स्पष्टपणे आला, आणि ट्रॉम्बेचं काम त्याच विचाराच्या वंशातलं आहे.

मुंबईत हे वैर आणखी एका प्रयोगशाळेत मोडताना दिसलं होतं. १९९३-९४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी, आयआयटी मुंबईतल्या चंदन मजुमदार आणि बी. डी. पदालिया यांच्यासह, यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन या चार मूलद्रव्यांच्या मिश्रणात १२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता असल्याचं जाहीर केलं. निकेल हे स्वतः लोहचुंबक. त्याच्या संयुगात अशी अतिसंवाहकता मिळणं हीच बातमी होती. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनेही या कुटुंबातली संयुगं वेगळी करून त्यांची स्फटिकरचना सांगितली, आणि मग चित्र स्पष्ट झालं. निकेल-बोरॉनचे थर आणि त्यांच्यामध्ये दुर्मिळ मृदा धातू व कार्बनचे थर, एकाआड एक. यिट्रियमच्या जागी होल्मियम किंवा एर्बियमसारखा चुंबकीय अणू बसवला की निसर्गानेच रचलेली चुंबक-अतिसंवाहक थप्पी तयार होते. होल्मियमचं संयुग ८ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतं, ५ केल्विनजवळ चुंबकीय मांडणी बदलताना जवळजवळ अतिसंवाहकता गमावतं, आणि आणखी थंड केलं की ती परत मिळवतं.

तिथे दोघं एकत्र राहू शकतात याचं कारण सुरेख आहे. काही संयुगांत एका थरातला चुंबक वर पाहतो, पुढच्या थरातला खाली. कूपर जोडीचा पसारा शेकडो अँगस्ट्रॉमचा आणि थरांमधलं अंतर पाचेक अँगस्ट्रॉमचं. जोडीला एकाच वेळी इतके वर आणि इतके खाली भेटतात, की तिच्यापुरती बेरीज शून्याजवळ येते. कुलाब्याच्या त्या पदार्थांत निसर्गाने सोय करून ठेवली होती. ट्रॉम्बेच्या निबंधात ती सोय काढून घेतली आहे. इथे चुंबकाचा पूर्ण थर एकाच दिशेला तोंड करून उभा आहे, आणि थर माणसाने आपल्या हाताने रचले आहेत.

हाताने थर रचायचे तर सांधा कळीचा. अतिसंवाहकाला साध्या धातूचा थर चिकटवला, तर कूपर जोड्या धातूत काही अंतर झिरपतात आणि धातूही थोडा अतिसंवाहकासारखा वागू लागतो. भरतीच्या वेळी खाडीचं खारेपण कळव्याच्या दिशेने वर चढत जातं आणि चढता चढता फिकं होतं, तसं. पण धातूच्या जागी लोहचुंबक ठेवला की हे चित्र अपुरं पडतं. चुंबकात जोडीचा प्रभाव नुसता फिका होत नाही, तो लाटेसारखा वरखाली होतो. एका खोलीवर अधिक चिन्हाचा, पुढच्या खोलीवर उणे चिन्हाचा. कारण असं की चुंबकात वर-स्पिनच्या आणि खाली-स्पिनच्या इलेक्ट्रॉनांचे संवेग सारखे राहत नाहीत, जोडीला निव्वळ संवेग मिळतो, आणि संवेग मिळाला की लाट आलीच. १९६४ मध्ये फुल्ड-फेरेल आणि लार्किन-ओव्हचिनिकोव्ह यांनी स्वतंत्रपणे हे गणितात पाहिलं होतं. २००१ मध्ये फ्रान्समध्ये कॉन्टॉस आणि रशियात र्‍याझानोव्ह यांच्या गटांनी निकेलच्या सौम्य चुंबकीय मिश्रधातूंमध्ये चिन्हाची ती उलटापालट प्रत्यक्ष मोजली. सौम्य मिश्रधातू निवडण्याचं कारणही मोजमापाचंच. लोखंड किंवा कोबाल्टसारख्या जोरकस चुंबकात ही लाट नॅनोमीटरभर अंतरातच विरते.

त्याच २००१ साली बर्जेरे, व्होल्कोव्ह आणि एफेटोव्ह यांनी एक वेगळी वाट दाखवली. सांध्याजवळ चुंबकाची दिशा एकसारखी नसेल, वळत असेल, तर विरुद्ध स्पिनच्या जोडीतून समान स्पिनची जोडी तयार होऊ शकते. दोघेही वर, किंवा दोघेही खाली. अशा जोडीशी चुंबकाचं भांडण उरत नाही आणि ती खूप खोलवर जाऊ शकते. २००६ मध्ये कायझर आणि सहकाऱ्यांनी क्रोमियम डायऑक्साइडमधून, म्हणजे ज्यात जवळपास एकाच स्पिनचे इलेक्ट्रॉन वीज वाहतात अशा चुंबकातून, अतिप्रवाह गेल्याचं दाखवलं, तेव्हा ही वाट कागदावरची राहिली नाही. या विषयातला प्रत्येक निबंध तेव्हापासून कुठे ना कुठे या समान-स्पिन जोडीकडे नजर ठेवून लिहिला जातो. ट्रॉम्बेचा निबंधही.

आता त्यातले पदार्थ. अतिसंवाहक म्हणून यिट्रियम-बेरियम-तांबं यांचं ऑक्साइड. १९८७ मध्ये सापडलेला आणि ९२ केल्विनच्या आसपास संक्रमण करणारा हा पहिला पदार्थ, ज्याला द्रव नायट्रोजनचा ७७ केल्विनचा थंडावा पुरतो. चुंबक म्हणून लॅन्थॅनम-कॅल्शियम-मँगनीज यांचं ऑक्साइड. आणि मध्ये स्ट्रॉन्शियम टायटनेट. तिन्ही पदार्थ एकाच घराण्यातले आहेत. प्रत्येकात ऑक्सिजनच्या चौकटीत बसलेला एक धातू आहे: तांबं, मँगनीज, टायटॅनियम. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका कोठडीची बाजू ३.९०५ अँगस्ट्रॉम, मँगनीज ऑक्साइडची ३.८६ च्या जवळ, तांब्याच्या ऑक्साइडच्या दोन आडव्या बाजू ३.८२ आणि ३.८८. हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ असल्यामुळे एका थराच्या अणूंवर पुढच्या थराचे अणू सरळ रांगेत बसवता येतात. सांधा मग दोन पदार्थांच्या चिकटण्यासारखा राहत नाही, एकाच स्फटिकात मूलद्रव्य बदलावं तसा होतो. निवड इथेच अर्धी जिंकली आहे. ऑक्सिजनची साखळी तीनही थरांतून अखंड जाते, आणि पुढे २०१८ च्या निबंधात तिलाच मोठं काम आहे.

या जोडगोळीवर आधी काम झालं नव्हतं असं नाही. श्टान आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये न्यूट्रॉनने अशा बहुथरांतल्या चुंबकनाचा वेध घेतला होता. चखालियन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की सांध्यावर तांब्याच्या अणूंनाही चुंबकत्व येतं आणि ते मँगनीजच्या विरुद्ध दिशेला तोंड करतं. होपलर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अतिसंवाहकतेमुळे चुंबकनाच्या आलेखात मोठे चढउतार होतात असं मांडलं. पण या सगळ्यांत दोन थर एकमेकांना भिडलेले होते. भिडलेल्या थरांत प्रभाव कशाचा, हे सोडवणं कठीण. जोड्यांचं झिरपणं, तांबं-मँगनीजचं रासायनिक नातं, सांध्यावरचे ताण, सगळं एकाच जागी. ट्रॉम्बेच्या गटाने मध्ये भिंत घातली. एका थराने अख्खा प्रश्न बदलला, आणि निबंधाचं सौंदर्य मला या निवडीत सर्वांत जास्त दिसतं.

खाडीच्या वरच्या टोकाच्या कळव्याला चुंबक आणि निरोधक यांची मोठ्या मापाची ओळख आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सीमेन्सचा कळवा कारखाना ट्रान्सफॉर्मर बनवत आला, रेल्वेच्या लोकलची कारशेड इथे आहे, राज्याच्या वीजजाळ्यात कळव्याचं नाव ४०० केव्हीच्या उपकेंद्रामुळे सगळीकडे घेतलं जातं. ट्रान्सफॉर्मरचा गाभा सिलिकॉन पोलादाच्या पातळ पत्र्यांचा, म्हणजे लॅमिनेशनचा असतो. पत्रा साधारण ०.३ मिलिमीटरचा, आणि प्रत्येक दोन पत्र्यांमध्ये निरोधकाचा लेप. लेपाचं काम एकच: एका पत्र्यातला भोवरी प्रवाह दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही. तो हे काम चोख करतो म्हणून गाभा फारसा तापत नाही. चुंबक, निरोधक, चुंबक, निरोधक ही थप्पी लाखपट बारीक केली की आपण ट्रॉम्बेच्या मापाजवळ येतो, कारण ०.३ मिलिमीटरचा लाखावा भाग म्हणजे ३ नॅनोमीटर. ट्रान्सफॉर्मरवर काम केलेला कुणीही माणूस हा निबंध हातात घेईल तेव्हा त्याची पहिली अपेक्षा हीच असेल की निरोधक घातला म्हणजे विषय संपला. या क्षेत्रातल्या लोकांचीही अपेक्षा फार वेगळी नव्हती. जोड्या चुंबकात झिरपतात हे मान्य होतं. त्या निरोधकातून पलीकडे पोचून चुंबकावर परिणाम करतील हे कुणी गृहीत धरत नव्हतं. निबंध सुरुवातीलाच ही अपेक्षा वाचकासमोर ठेवतो आणि मग तिच्याविरुद्ध मोजमाप मांडतो.

मोजमाप कशाने? न्यूट्रॉनने. इथे ट्रॉम्बेची परंपरा कामाला येते. १९५६ च्या ऑगस्टमध्ये अप्सरा अणुभट्टी इथे सुरू झाली. पी. के. अय्यंगार यांनी कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर न्यूट्रॉन विकिरणाचं काम केलं आणि परतल्यावर ट्रॉम्बेत ती विद्या रुजवली. ऑगस्ट १९८५ मध्ये १०० मेगावॉटची ध्रुव अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिच्या न्यूट्रॉनांवर पदार्थांच्या थरांचा वेध घेणारं ध्रुवित न्यूट्रॉन परावर्तनमापक यंत्र सैबल बसू आणि सुरेंद्र सिंग यांनी उभारलं. २०१६ च्या निबंधात सहलेखक म्हणून म्युनिकजवळच्या गार्शिंगच्या न्यूट्रॉन केंद्रातले श्टेफान मॅटाउश आहेत. म्हणजे ज्यांनी घरी यंत्र बांधलं, त्यांनी जगातल्या उत्तम यंत्रांवरही आपला प्रश्न नेला. यंत्र बांधणाऱ्या माणसांचा निबंध वाचताना एक गोष्ट जाणवते: त्यांना आपल्या साधनाची मर्यादा ठाऊक असते आणि ते तिच्या आतच बोलतात.

न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, म्हणून तो थरांतून सहज खोल जातो. पण त्याला स्वतःचं चुंबकत्व आहे, म्हणून वाटेतला प्रत्येक चुंबकीय थर त्याला जाणवतो. सगळ्या न्यूट्रॉनांचे स्पिन आधी एका दिशेला लावून घ्यायचे, अंशभरापेक्षा कमी अशा निसरड्या कोनातून ते पृष्ठभागावर सोडायचे, आणि किती परत आले ते मोजायचं. मग स्पिन उलटे करून पुन्हा मोजायचं. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, आणि परावर्तनाच्या आलेखात लहरी उठतात. थर जाड असेल तर लहरी दाट, पातळ असेल तर विरळ. दोन स्पिनच्या आलेखांमधल्या फरकातून कोणत्या खोलीवर किती चुंबकन आहे हे निघतं. पदार्थाचं एकूण चुंबकत्व सांगणारी यंत्रं पुष्कळ आहेत. चुंबकत्व किती खोलीवर गेलं हे अणूंच्या थरांच्या मापात सांगणारी फार थोडी.

इथे सावध वाचकाने एक गोष्ट विचारलीच पाहिजे. परावर्तनाच्या आलेखातून खोलीचं चित्र थेट उलगडत नाही. लाटेची तीव्रता मोजता येते, तिची कला, म्हणजे लाट आपल्या चढउतारात नेमकी कुठे आहे ते, हातातून निसटते. म्हणून चित्र आधी कल्पायचं, त्याचा आलेख गणिताने काढायचा आणि मोजलेल्या आलेखाशी जुळवायचा. एकापेक्षा जास्त चित्रं जुळू शकतात. निबंधाने या अडचणीवर शोधलेला मार्ग साधा आणि भक्कम आहे. तोच नमुना, तेच थर, तेच सांधे, आणि फक्त तापमान वेगळं. अतिसंवाहकाच्या संक्रमण तापमानाच्या वर एकदा, खाली एकदा. थरांची जाडी आणि सांध्यांचा खडबडीतपणा दोन्ही वेळी तोच असल्यामुळे कल्पनेला मोकाट सुटायला जागा उरत नाही. बदलू शकतं ते फक्त चुंबकन.

आणि चुंबकन कुठल्या दिशेने बदललं हे पाहावं. लोहचुंबक थंड केला की त्याचं चुंबकन वाढतं. उष्णतेची खळबळ शमते, स्पिन आणखी शिस्तीत उभे राहतात. लॅन्थॅनम-कॅल्शियम-मँगनीज ऑक्साइड खोलीच्या तापमानाच्या थोडं खाली चुंबक बनतं आणि तिथून पुढे थंडीबरोबर त्याचं चुंबकन वाढत जायला हवं. पण अतिसंवाहकाच्या रेषेखाली गेल्यावर त्याच्या थरात मोठी घट दिसली. पदार्थाचा मूळ स्वभाव ज्या दिशेला जातो तिच्या विरुद्ध दिशेला परिणाम आहे, म्हणून तो विश्वासार्ह वाटतो. चुंबकन वाढलं असतं तर नुसतं थंडीचं काम म्हणून सोडून देता आलं असतं.

तरीही दोन शंका मनात ठेवून मी हा भाग वाचतो. पहिली माइसनर परिणामाची. अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो हे १९३३ पासून माहीत आहे. मग पलीकडच्या चुंबकाला मिळणारं क्षेत्रच बदललं असेल का? इथे मापं मदतीला येतात. या अतिसंवाहकात क्षेत्र शिरण्याची खोली दीडशे नॅनोमीटरच्या घरात आहे. थर त्याहून पातळ असला की क्षेत्र ढकलण्याची त्याची ताकद फार थोडी उरते. दुसरी शंका जास्त जड आहे. भिंतीचा पदार्थ, स्ट्रॉन्शियम टायटनेट, १०५ केल्विनला आपली घडण बदलतो, घनाकृतीतून किंचित लांबट होतो. अतिसंवाहकाच्या रेषेच्या हा आकडा अस्वस्थ करण्याइतका जवळ आहे. ताणाने मँगनीज ऑक्साइडचं चुंबकत्व बदलतं हे सर्वश्रुत आहे. पातळ थरात हा बदल पुढेमागे सरकतो, पण शंका मिटत नाही. मला वाटतं, या निबंधाला आणखी एका निबंधाची गरज होती. ती त्याच गटाने २०१८ मध्ये भागवली.

‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मधला हा दुसरा निबंध पहिल्याशेजारी ठेवून वाचावा. चुंबक थोडा बदलला आहे, कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम आलं आहे. हे ऑक्साइड खोलीच्या तापमानाच्याही वर चुंबक राहतं. रचना दोन केल्या: एकीत भिंत, दुसरीत नाही. आणि साधन बदललं. आता मुख्य हत्यार आहे वर्तुळाकार ध्रुवित क्ष-किरणांचं. किरणांची ऊर्जा मँगनीजच्या शोषणरेषेवर, ६४० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास लावली की फक्त मँगनीज बोलतो. ९३० च्या आसपास लावली की फक्त तांबं. न्यूट्रॉन खोली सांगतो पण चुंबकत्व कोणत्या मूलद्रव्याचं हे सांगत नाही. क्ष-किरण मूलद्रव्य सांगतात. पहिल्या निबंधाला जे विचारता आलं नव्हतं ते इथे विचारलं गेलं.

उत्तरं अशी आली. एकट्या चुंबकाच्या थराशी तुलना केली तर अतिसंवाहकाला भिडलेल्या रचनेत मँगनीजचा चुंबकीय संकेत ५० टक्क्यांनी दुबळा. तांब्यावर चुंबकत्व उगवलेलं, मँगनीजच्या विरुद्ध दिशेचं. इथपर्यंत ओळखीचं. मग भिंत घातलेली रचना: मँगनीजचा संकेत इथेही कमी, २० टक्क्यांनी. न्यूट्रॉनने ही घट स्वतंत्रपणे पडताळली. पन्नास आणि वीस हे दोन आकडे शेजारी ठेवून मी बराच वेळ थांबतो. भिंतीने प्रभाव निम्म्याहून कमी केला, पण शून्य केला नाही. ट्रान्सफॉर्मरच्या लेपाकडून आपण शून्याची अपेक्षा करतो. इथे वीस उरले.

हे वीस कसे उरले याचा शोध इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून, इलेक्ट्रॉन किती ऊर्जा गमावतो हे मोजून घेतला गेला, आणि इथे दुसऱ्या निबंधाचं खरं वळण आहे. भिंतीतला टायटॅनियम सांध्यांवर चुंबकीय झालेला सापडला. शुद्ध स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये टायटॅनियमने आपले चारही बाहेरचे इलेक्ट्रॉन देऊन टाकलेले असतात. चुंबकत्व उगवायला त्याच्याकडे काही नसतं, म्हणूनच तर तो निरोधक. सांध्यावर मात्र त्याचा हिशेब पूर्ण चारचा राहत नाही, थोडा खाली येतो. सांध्याजवळचे इलेक्ट्रॉन एका बाजूला मँगनीजकडे आणि दुसऱ्या बाजूला तांब्याकडे सरकतात, आणि हे सरकणं ऑक्सिजनच्या कक्षांमधून होतं. तीच ऑक्सिजनची साखळी, जी तीनही थरांतून अखंड जाते म्हणून हे पदार्थ निवडले गेले. लेखकांच्या मते मँगनीज आणि तांब्याचं उलट दिशेचं नातं भिंतीपलीकडून टिकून राहतं ते या विद्युतभाराच्या देवाणघेवाणीने आणि तिच्यामुळे कक्षांना आलेल्या शिस्तीने.

पहिल्या निबंधात भिंत ओलांडायची गोष्ट होती. कूपर जोड्या तिच्यातून पार जातात आणि पलीकडे आपला परिणाम करतात, अशी तिथली भूमिका होती, आणि लांब पल्ल्याच्या समान-स्पिन जोड्यांच्या शक्यतेकडे बोट दाखवून निबंध थांबला होता. दुसऱ्या निबंधात भिंत या व्यवहारात सामील झाली. तिच्या दोन्ही कडांनी शेजाऱ्यांना काही दिलं, आणि देताना ती स्वतःही बदलली. जे तटस्थ म्हणून मध्ये ठेवलं तेच तटस्थ नव्हतं हे शोधून काढायला एखादा प्रतिस्पर्धी गट लागला असता तर आश्चर्य वाटलं नसतं. इथे ते ज्यांनी भिंत घातली त्यांनीच केलं. या दोन निबंधांना मी एकाच कृतीचे दोन भाग मानतो, आणि तिचं मोठेपण मला दुसऱ्या भागात दिसतं. पहिल्या भागाचा शोध चकित करणारा होता. दुसऱ्याने त्या चकित करणाऱ्या गोष्टीच्या मधला सर्वांत निश्चिंत थर उचकटला.

पण दुसऱ्याने पहिल्याला रद्द केलं असं मी वाचत नाही. विद्युतभाराची देवाणघेवाण ही रासायनिक गोष्ट आहे. ती सांधा जुळला तेव्हाच घडते. अतिसंवाहक रेषेच्या वर आहे की खाली, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही. पहिल्या निबंधातला बदल मात्र त्या रेषेलाच जागा होतो. तेव्हा दोन वेगळे परिणाम एकावर एक बसलेले असावेत असं माझं वाचन आहे. एक कायमचा, सांध्याच्या रसायनातून आलेला, मँगनीजला थोडं दुबळं करून ठेवणारा. दुसरा अतिसंवाहकतेबरोबर येणारा आणि तिच्याबरोबर जाणारा. अँडरसन आणि सूल यांनी १९५९ मध्ये ज्याची दिशा दाखवली होती, त्याचा नातेवाईक हा दुसरा.

दोघांना वेगळं करण्याची युक्ती भिंतीच्या जाडीतच आहे. निरोधकातून जोड्या पार जात असतील तर जाडी वाढवल्यावर परिणाम घातांकाने, वेगाने, पण अखंड रेषेत घसरत जाईल. देवाणघेवाण मात्र सांध्याजवळच्या दोनचार कोठड्यांपुरती असते. एक कोठडी ०.३९ नॅनोमीटरची. दोन्ही कडांच्या कोठड्या एकमेकींपासून सुटल्या की पलीकडच्याची खबर अलीकडे येणं थांबायला हवं. २०२२ मध्ये हर्ष भट्ट यांनी सुरेंद्र सिंग, प्रजापत, बसू आणि इंग्लंडमधल्या न्यूट्रॉन केंद्रातल्या सहकाऱ्यांबरोबर याच तीन थरांच्या कुटुंबावर पुढचा निबंध लिहिला. चुंबकीय सामीप्य परिणामाचा, म्हणजे शेजारी थर एकमेकांवर पाडतात त्या प्रभावाचा, जोर आणि नमुन्याचे चुंबकीय व अतिसंवाहक गुण यांचं नातं हा त्याचा विषय. २०१६ आणि २०१८ वाचून झाल्यावर त्याकडे जाणाऱ्याने प्रत्येक आकड्याशेजारी भिंत किती कोठड्यांची होती हे लिहून ठेवावं, आणि आलेख काढला तर जाडी आडव्या अक्षावर घ्यावी.